जास्तीचं पाणी

माझ्या भावाचं चाक जेवढं पाणी घेतं त्यापेक्षा जास्त देतं की नाही, यावरून त्या साली आमच्या गावात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. माझ्या घरात तर भांडणारे दोघंही एकाच चुलीवरचं जेवत. एक माझा नवरा, दुसरा माझा भाऊ, आणि वाढणारी मी. भाजी कोणाच्या ताटात आधी पडली यावरूनसुद्धा मी कोणाच्या बाजूची, हे ठरवायला दोघं बसलेलेच.

साल एकोणऐंशीचं. आमचं गाव करडीच्या पुढे, सगळं धानाचं. पोळा झाला आणि पाऊस जो गेला, तो गेलाच. मालगुजारांच्या काळचा आमचा तलाव अर्धासुद्धा भरला नव्हता. या तलावाचं पाणी कोणाला कधी द्यायचं ते गावचे पंच ठरवतात, आणि पंचांचे मुख्य आमचे हे, सेवकराम. रीत अशी आहे, की शेवटचं पाणी धान गर्भात येईपर्यंत, पोटात लोंबी धरेपर्यंत, कोणी मागायचं नाही. धान गर्भात आलं की पाट एकदाच उघडायचा. आधी सगळ्यात लांबच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी, मग हळूहळू वर येत तलावाजवळच्या बांधीला. जवळच्याने आधी पोट भरलं तर लांबच्याचं धान वाळतं, म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी ही रीत घातली. आमची बांधी तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला, लागूनच आहे. म्हणजे पंचांच्या मुख्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

माझा भाऊ भैय्यालाल माझ्याहून लहान. नाकाडोंगरीकडे एका मँगनीजच्या खाणीत पंपावर फिटर होता. तिथे साहेबाशी वाजलं, कशावरून, तर याच चाकावरून. कामाच्या वेळात चाकाची चित्रं काढायचा, साहेब हसला, याने पाना फेकून मारला. होळीला एक पत्र्याची पेटी घेऊन तो माझ्या दारात आला. आई-बाप दोघंही गेलेले, घर पडलेलं. भैय्या म्हणजेच माझं माहेर होतं. तो माझ्या घरातून खाली मान घालून निघाला, तर मला माहेर म्हणून जायला या जगात दार उरणार नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्याच भीतीने मी त्याचं सगळं ऐकून घेत होते.

त्याने चाक बसवलं ते तलावाच्या पाळीखालच्या बोडीवर. बोडी म्हणजे लहानसं तळं, आम्ही बायका तिथे कपडे धुतो. पाळीवरून त्याने एक पाइप टाकला आणि तोंडाने ओढून तलावाचं पाणी चालू केलं. ते पाणी वरून चाकावर पडायचं, चाक फिरायचं, आणि चाकाला जोडलेली डब्यांची माळ बोडीतून पाणी उचलून आमच्या बांधीच्या पाटात ओतायची. पंचांनी बोटभर जाडीच्या पाइपाला तेवढी परवानगी दिली होती, गंमत म्हणून.

गंमत फार दिवस राहिली नाही. कोणीतरी पाइपाखाली एक घागर धरली आणि डब्यांच्या तोंडाखाली दुसरी. दुसरी घागर आधी भरली. पुन्हा धरली, पुन्हा तेच. पडणारं पाणी कमी आणि निघणारं जास्त. आणि एवढं उपसूनही बोडी तशीच्या तशी भरलेली. लोक रोज सकाळी बोडीच्या काठच्या दगडाकडे बघायचे. त्या दगडाला पाणी कुठे लागतं यावरून आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचा अंदाज घेतात. दगड ओला तो ओलाच.

"हातच्या कांकणाले आरसा कायले पाह्यजे?" डोमाजी म्हणाला. डोमाजीची बांधी सगळ्यात शेवटची, त्याचं धान पिवळं पडायला लागलं होतं.

भैय्याने मग मोठ्या चाकाचं काढलं. बंडीची दोन चाकं, पत्र्याचे पंखे, सगळं तयार. म्हणाला, पाट आत्ताच पुरता उघडा आणि तलावाचं पाणी मोठ्या चाकावर सोडा. ते चाक बोडीतून इतकं पाणी उचलेल, की साऱ्या गावाच्या बांध्या भिजतील आणि उरलेलं परत तलावात चढेल.

त्यावर पाळीवर बैठक बसली. मी बायकांमध्ये बसले होते, पण कान तिकडेच.

"आडात नाही तं पोहऱ्यात कोठून येईन?" आमचे हे म्हणाले.

"आडातच हाये भाऊजी, तुमाले दिसून नाही राहिलं," भैय्या म्हणाला. "वरून पडणाऱ्या पाण्यात जोर असते. तो जोर आपण आजवर मातीत घातला. मी तो चाकाले देतो."

"दे ना. पण जेवढा जोर हाये तेवढाच भेटीन. बैल बंडी ओढते. मंग तेच बंडी बैलाले ओढत वापस आणीन का?"

लोक हसले. भैय्याचे कान लाल झाले.

"मंग घागरी खोट्या हायेत का?"

"घागरी खऱ्या हायेत."

"मंग बोडी कमी काहून नाही होत? सांगा भाऊजी. तुमी पंच हा, सांगा."

हे बोडीकाठच्या दगडाकडे बघत राहिले. ठाऊक नसलेल्या गोष्टीवर तोंड वाजवायची त्यांना सवय नाही. मला त्यांचा राग आला. घरी माझ्यावर ओरडताना बरी वाचा फुटते!

डोमाजी उभा राहिला. "औंदा एका पाण्यात साऱ्याइचं भागत नाही, हे लहान पोरालेबी समजते. हा माणूस पाणी वाढवून देऊन राहिला, आन् तुमी रीत सांगता. रीत खाऊ का आमी?"

"अन् पाणी वापस नाही चढलं तं?" ह्यांनी विचारलं. "बोडीतून नाल्यात जाईन. तुह्या बांधीले एक थेंब भेटणार नाही, डोमा."

"तुमाले साळ्याचं नाव झालेलं पाहवत नाही, हे सांगा."

त्यावर जो गोंगाट झाला तो झालाच. शेवटी ठरलं, परवा सकाळी पुन्हा बसायचं आणि हात वर करून निकाल लावायचा. निकाल काय लागणार ते सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कपडे घेऊन बोडीवर गेले. घाटाची जागा चाकाने अडवलेली, म्हणून पाळीकडच्या कोपऱ्यात उतरले. तिथे उतार वाईट, एरवी कोणी जात नाही. पाण्यात पाय ठेवला आणि दचकले. वरचं पाणी उन्हाने कोमट आणि तळपायाला बर्फासारखं गार. पाय सरकवला, तर खालून पाणी बोटांमध्ये गुदगुल्या करत वर येत होतं. झिरा!

झिऱ्याचं काही वाटलं नाही. जुन्या पाळीला झिरा असतोच. पण ह्यांचं धोतर दोनदा खळबळलं तरी पिवळं ते पिवळंच. हातात चोळून पाहिलं, तर चिकण माती. ती माती मला चांगली ओळखीची. उन्हाळ्यात पाळ दुरुस्त केली तेव्हा आम्ही बायकांनीच ती टोपल्या भरभरून वाहिली होती आणि पाळीच्या पोटात घातली होती. पाळीच्या पोटातली माती माझ्या नवऱ्याच्या धोतरावर कशाला येईल?

मग एकदम सगळं समजलं. घागरी खऱ्या होत्या, पण जास्तीचं पाणी चाक देत नव्हतं, ते बोडीतलंच होतं. बोडीतून उपसलं जाई, तेवढं तलाव पाळीखालून गुपचूप भरून काढत होता. जितकं उपसावं तितका झिरा मोठा होत होता, आणि आता तो पाळ पोखरत होता.

ओलं धोतर तसंच घेऊन मी घरी आले. भैय्या अंगणात पत्रा ठोकत बसला होता.

"हे पाह्य," मी म्हटलं.

त्याचा हातोडा थांबला. "झिरा कोणत्या पाळीले नसते, बाई?"

"असते. पण त्याचं पाणी निवळ असते. हे पाळीची माती हाये. मी माह्या डोक्यावर वाह्यली हाये."

"भाऊजीनं पाठवलं तुले?"

"मी त्याइले अजून सांगतलंबी नाही."

"मंग नको सांगू." त्याने इकडेतिकडे बघितलं. "उद्याचा दिवस. मोठं चाक एक डाव फिरू दे. ते फिरलं की तलावातच पाणी चढवतो, मंग बोडीच्या झिऱ्याले कोण विचारते?"

"आन् पाळ फुटली तं? खाली रुखमाचं घर हाये, लेकरं हायेत."

"नाही फुटत."

"कोणाच्या भरवशावर सांगतोस?"

त्याने मान खाली घातली. लहानपणी मार खायची वेळ आली की असाच जमिनीकडे बघत बसायचा. मला त्याची दयाही आली आणि चार थोबाडीत द्याव्या असंही वाटलं.

"उद्या तूच सांग," मी म्हटलं. "साऱ्याइच्या समोर. तुह्या तोंडून निघालं तं तुही इज्जत राहीन. नाही सांगतलं, तं मी सांगन."

"सांग," तो म्हणाला. "मंग मी कोठं जाऊ, तेबी सांगून दे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. ह्यांना त्या संध्याकाळी सांगितलं नाही. बरं केलं की वाईट, ते लोक आजही विचारतात. मी पुन्हा तेच करेन. माझ्या भावाला मी एक संधी द्यायची नाही तर कोणी द्यायची? पण हातावर हात ठेवूनही बसले नाही. दिवस मावळायच्या आत पाळीवर चढले आणि पाइपाचं तोंड पाण्यातून उपसून बाहेर फेकून दिलं. चाक दोन गिरक्या खाऊन थांबलं. म्हटलं, निदान सकाळपर्यंत पाळीला विसावा.

सकाळी गावासोबत पाळीवर आले आणि पाहते, तर चाक फिरत होतं. डबे खळाखळा पाणी ओतत होते. पाइप पुन्हा तलावात. म्हणजे हा पहाटे उठून आला होता आणि तोंड लावून पाणी ओढून गेला होता. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की दया-माया सगळी जळून गेली.

पाट उघडायची लोखंडी चावी ह्यांच्या हातात होती. समोर सारं गाव. डोमाजी म्हणाला, "हात वर करायच्या आधी एक गोष्ट. भैय्यालालनं पाणी उचलावं."

आमच्याकडे ही मोठी गोष्ट आहे. तलावाबद्दल शब्द द्यायचा, तर पाण्यात उभं राहून ओंजळीत पाणी घेऊन द्यायचा. तसं उचललेल्या पाण्यावर खोटं बोललेला माणूस आमच्या गावाने पाहिलेला नाही. डोमाजीने ते भैय्याला अडचणीत टाकायला मागितलं नव्हतं. उलट भैय्याने एकदा पाणी उचललं, की पंचांना बोलायला जागा उरणार नाही, हा त्याचा हिशेब.

"तो पाहुणा माणूस हाये," हे म्हणाले. "त्याच्यावर आपली रीत नाही."

"उचलतो," भैय्या म्हणाला.

पायजमा गुडघ्यावर ओढून तो बोडीत उतरला. घाटाकडून नाही. पाळीकडच्या त्याच कोपऱ्यात. मी बायकांमधून उठून पुढे आले. रुखमाने माझा पदर ओढला, तो मी हिसकला.

भैय्याने वाकून ओंजळ भरली. माझ्या जागेवरूनही दिसत होतं. पाणी कालच्यापेक्षा पिवळं होतं, पातळ वरणासारखं.

"म्हण," ह्यांचा आवाज खरखरीत झाला होता. "माहं चाक घेते त्याहून जास्त देते."

भैय्या उभा राहिला. बोटांमधून पाणी गळत होतं. चाक खडखडत होतं. तो म्हणतो का नाही? म्हणाला तर मला तिथल्या तिथे सगळ्यांसमोर त्याला खोटं पाडावं लागणार होतं. मी तोंड उघडलं. माझ्या आई-बापाची शपथ, त्या क्षणी तलाव फुटला असता तरी मला सोपं गेलं असतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"जास्त नाही देत," तो म्हणाला.

"काय म्हणते तो?" मागून कोणीतरी विचारलं.

"जास्त नाही देत!" भैय्या ओरडला. "पाळीखालून झिरा हाये. बोडी त्याच्यानं भरते. बाईनं मले काल सांगतलं. पण मले त्याच्या कितीक आधीपासून ठाऊक होतं. पहिल्या दिवशी चाक बसवाले उतरलो, तवाच पायाले गार लागलं होतं."

हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला भोळा समजत होते, हट्टी समजत होते. चाकावर त्याचा विश्वास आहे, एवढं तरी खरं समजत होते.

"काल बाईनं पाइप काढला होता, तो आज मीच लावला," तो पुढे म्हणाला. "अन् आता पाणी पिवळं येऊन राहिलं. पाळ आतून जाऊन राहिली. बोडी उपसू नका, चाक बंद करा! वरचं पाणी कमी करा!"

डोमाजी शिवी देत पाण्यात उतरला. त्याच्यामागे आणखी दोघं. त्यांनी भैय्याला मारलंच असतं, पण तेवढ्यात त्याच्या डोक्यावरच्या पाळीचा, बैल बसेल एवढा मातीचा लचका सुटून धपकन बोडीत पडला. बायका किंचाळल्या. रुखमा घराकडे लेकरांसाठी पळत सुटली.

"आधी पाळ!" आमचे हे गरजले. एवढा मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "शिव्या मंग देजा. डोमा, तणीस आन, पोते आन. बायका, माती!"

आणि स्वतः धावत जाऊन त्यांनी पाइप उपसून फेकला, चावी लावली आणि पाट उघडला. धान अजून गर्भात आलेलं नव्हतं. साऱ्या गावाने जीव धरून सांभाळलेलं शेवटचं पाणी वेळेच्या आधी धो धो सुटलं. तरी पहिलं पाणी त्यांनी रीतीप्रमाणे शेवटच्या बांधीकडेच वळवलं. पाळ फुटायला आलेली असताना माणूस रीत पाळतो, याला काय म्हणावं! मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

भैय्या त्या कोपऱ्यात कमरेइतक्या पाण्यात तसाच उभा राहिला. वरून आम्ही माती टाकत होतो, तो पोती आणि धानाचं तणीस झिऱ्याच्या तोंडात दाबत होता. त्याच्या जवळ कोणी उतरेना. एक तर वरून पाळ अंगावर येण्याची भीती, दुसरं म्हणजे त्याचा विटाळ झाल्यासारखं सगळे वागत होते. मग हे उतरले. दोघं खांद्याला खांदा लावून पोती दाबत राहिले. दुपार कलली तेव्हा बोडीचं पाणी निवळलं.

पाळ वाचली. धानाचं म्हणाल, तर डोमाजीची बांधी बरी पिकली. मधल्यांना वेळेच्या आधी पाणी मिळालं, अर्धं धान फोल निघालं. आमच्यापर्यंत पाणी पोचलंच नाही. आमच्या बांधीत त्या साली गुरं सोडली.

गावाने भैय्याला मारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तो बसला तशी माणसं उठून गेली. तो घरी आला आणि पेटी भरायला लागला. मी थांब म्हटलं नाही. मनातून राग जात नव्हता. त्याच्या खोटेपणापायी रुखमाची लेकरं वाहून गेली असती, हे मी कसं विसरू? आणि तो गेला की उद्यापासून मी कोणाची बहीण, हेही सुचत नव्हतं. त्याच्याकडे पाठ करून चुलीसमोर भाकऱ्या थापत बसले, एवढंच मला जमलं.

तो पेटी घेऊन दारात थांबला.

"बाई," तो म्हणाला, "भाऊबीजेले येऊ का?"

ये म्हणावं तर राग आडवा येत होता, नको येऊ म्हणावं तर जीव जात होता. चुलीत फुंकर घालत राहिले. चुलीत जाळ चांगला होता, फुंकायची गरजच नव्हती.

आमचे हे ओसरीवर पायाच्या जखमा धूत बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "न येशीन, तं का मी ओवाळून घेऊ हिच्याकडून?"

भैय्या हसला नाही. त्याने पेटी खाली ठेवली, वाकून त्यांचे ते जखमांनी भरलेले पाय धरले आणि मोठमोठ्याने रडायला लागला. "उठ बे, लागून राहिलं," हे म्हणाले, पण पाय काही त्यांनी मागे घेतले नाहीत. मी तशीच हात पिठाचे घेऊन उठले आणि त्याच्यासाठी ताट वाढायला बसले.